छोट्या रीफ टाकीत कोरल पुन्हापुन्हा मिटतं, तेव्हा कारण कसं शोधायचं

घरच्या छोट्या रीफ टाकीबद्दल, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल, तक्रार साधारण अशी असते. क्लाउनफिशची जोडी खाऊनपिऊन मजेत आहे. पाणी नितळ आहे. टेस्ट किटचे आकडे ठीक दिसतात. तरीही आठ-दहा दिवसांनी एखाद्या सकाळी हॅमर कोरल आखडून बसलेलं असतं आणि झोआंची (छोट्या फुलांसारख्या दिसणाऱ्या कोरलांची) तोंडं बंद असतात. दोन-तीन दिवस तसेच जातात. मग काही न करता सगळं परत फुलतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

त्या दोन-तीन दिवसांत आपल्याला स्वस्थ बसवत नाही, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. कोणी आयोडीनचे थेंब घालतं, कोणी दिवा कमी करतं, कोणी कोरल उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवतं. कोरल तिसऱ्या दिवशी तसंही उघडणारच होतं. ते उघडलं की आपण समजतो, केलेला उपाय लागू पडला. पुढच्या वेळी तोच उपाय थोडा जास्त करतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे माझे आठ महिने गेले.

माझी टाकी ४० लिटरची आहे. पंप आणि हीटर मागच्या कप्प्यात आहेत. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी ३४ लिटर भरतं. हा आकडा एकदा मोजून ठेवा, कारण पुढचे सगळे हिशेब त्याच्यावर होतात. टाकीत ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी, दोन तोंडांचं हॅमर, एक टॉर्च कोरल, एक लेदर (चामड्यासारखं मऊ कोरल) आणि झोआंच्या दोन वसाहती आहेत. मिटण्याचा त्रास मुख्यतः हॅमरला आणि डावीकडच्या झोआंना होता. उजवीकडच्या झोआ बहुतेक वेळा ठणठणीत असायच्या. हा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता, पण त्याचा अर्थ लावायला मला फार उशीर झाला.

मिटणं म्हणजे दर वेळी दुखणं नव्हे

कोरल फुलतं तेव्हा ते आजूबाजूचं पाणी अंगात भरून घेतं. मिटतं तेव्हा स्नायू आखडून ते पाणी बाहेर टाकतं. काही वेळा हा त्याचा नेहमीचा कारभार असतो. दिवा मालवल्यावर हॅमर आणि टॉर्च बरीच आत जातात. सकाळी दिवा लागल्यावर पूर्ण फुलायला त्यांना तास-दीड तास लागतो. दिवा लागल्यावर दहाव्या मिनिटाला पाहून घाबरू नका. मोठा घास खाल्ल्यावरही पॉलिप (कोरलमधला एकेक जीव) काही तास आवळून बसतो.

लेदर कोरल तर अधूनमधून कातच टाकतं. पॉलिप आत जातात, वरचा भाग मेणचट आणि चकचकीत दिसतो, कधी त्यावर शेवाळाची पुटंही चढतात. आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस ते तसंच राहतं. मग पातळ पापुद्रा सुटून येतो आणि खाली ताजं कोरल दिसतं. या काळात त्याच्याकडे पंपाचा प्रवाह किंचित वाढवला तर पापुद्रा लवकर निघतो. बाकी काही करायचं नसतं.

एकच जातीचं कोरल मिटलं आणि बाकीची सगळी उघडी असली, तर पाण्यावर संशय घेण्याआधी त्या कोरलच्या आजूबाजूला बघा. वेगवेगळ्या जातींची कोरल एकाच दिवशी मिटली, तर मात्र पाणी तपासा.

पंधरा दिवस फक्त लिहा

पुन्हापुन्हा होणाऱ्या गोष्टीला एक लय असते, आणि ती लय सापडली की कारण फार लांब नसतं. आठवणीच्या भरवशावर ती सापडत नाही. मी साधी वही घेतली. रोज रात्री दिवा मालवायच्या आधी पाच ओळी लिहायच्या: कोण उघडं, कोण मिटलेलं, तापमान किती, खारेपणा किती, आणि आज टाकीत हात घालून काय काय केलं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पाणी बदललं, काच घासली, टॉपअप केला (उडालेल्या पाण्याची भरपाई), गोठवलेलं खाणं दिलं, फिल्टरचा स्पंज धुतला, हे सगळं त्यात येतं. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) एक दिवसाआड मोजायची आणि दर वेळी त्याच वेळेला मोजायची.

या पंधरा दिवसांत काहीही नवीन टाकायचं नाही. मिटलेलं कोरल बघून हात शिवशिवतात, तरी नाही.

मी वही पंधरा दिवसांनंतरही चालू ठेवली. तिच्यात जे दिसलं ते असं. हॅमर दर दुसऱ्या सोमवारी मिटत होतं आणि बुधवार-गुरुवारी उघडत होतं. मी पाणी दर दुसऱ्या रविवारी बदलत होतो. शिवाय मधल्या काळातही दर चार-पाच दिवसांनी ते अर्धवट आखडायचं, आणि ते दिवस टॉपअपचे होते. डावीकडच्या झोआंचीही साधारण पंधरवड्याची लय होती, पण ती रविवारशी नीट जुळत नव्हती. कधी शुक्रवार, कधी मंगळवार. मी तेव्हा ती पाणी बदलण्याच्याच खात्यात टाकली. ती चूक होती. तिच्याकडे पुढे येतो.

खारेपणा: छोट्या टाकीतला पहिला संशयित

मराठीत क्षारता हा शब्द लोक खारेपणालाही वापरतात आणि अल्कलिनिटीलाही, त्यामुळे फार गोंधळ होतो. म्हणून इथे मीठ किती आहे त्याला खारेपणा म्हणतो, आणि दुसऱ्या गोष्टीला अल्कलिनिटीच म्हणतो.

टाकीतून वाफ होऊन जातं ते निव्वळ गोडं पाणी. मीठ सगळं मागे राहतं. माझ्या टाकीतून रोज साधारण अर्धा लिटर पाणी उडतं. चार दिवसांत दोन लिटर. म्हणजे ३४ लिटरचं मीठ ३२ लिटरमध्ये राहिलं, आणि ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) पाणी ३७.२ झालं. पाचव्या दिवशी मी दोन लिटर आरओ-डीआय पाणी (गाळून क्षार काढलेलं शुद्ध गोडं पाणी) एकदम ओतायचो, आणि पाच मिनिटांत ते परत ३५ वर यायचं. मी मोजायचो ते नेहमी ओतून झाल्यावर. त्यामुळे वहीच्या आधीच्या सगळ्या नोंदी ३५ च्याच होत्या आणि मला त्या आदर्श वाटत होत्या.

मागे कप्पा असलेल्या टाक्यांमध्ये आणखी एक फसगत असते. पाणी कितीही उडालं तरी समोरच्या भागातली पातळी तसूभरही हलत नाही. पातळी घटते ती फक्त पंपाच्या कप्प्यात, आणि तो झाकणाखाली असतो. त्या कप्प्यावर बाहेरून एक रेघ मारून ठेवा आणि रोज तिच्याकडेच बघा.

क्लाउनफिश हे चढउतार सोसतात, कारण माशाचं शरीर अंगातलं मीठ-पाणी स्वतः राखतं. कोरलला ती सोय नाही. त्याच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर खारट होतं आणि त्याच्याबरोबरच निवळतं. म्हणून मासे छान आहेत याचा अर्थ पाणी स्थिर आहे असा घेऊ नका.

आता पाणी बदलतानाची चूक. ही मी कित्येकांच्या टाकीवर पाहिली आहे. रविवारी कप्प्यात दोन लिटर कमी आहेत. आपण १२ लिटर काढतो आणि रेघेपर्यंत परत भरतो. भरताना १४ लिटर खारं पाणी जातं, कारण उडालेल्या दोन लिटरांची जागाही आपण खाऱ्या पाण्यानेच भरली. हिशेब केला तर खारेपणा ३६.३ होतो. त्यानंतर टॉपअप कितीही नीट केला तरी पाया ३६.३ चाच राहतो. पुढच्या वेळी तो ३७.१ होतो, तिसऱ्या वेळी ३७.६. क्रम साधा आहे: आधी गोड्या पाण्याने रेघेपर्यंत भरा, पंपाला अर्धा तास फिरवू द्या, मग जेवढं काढाल तेवढंच खारं पाणी घाला.

मोजायच्या साधनावरही आंधळा विश्वास नको. झुलत्या काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा खोटाच वर जातो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा सांगणारा) बरा, पण तो शुद्ध पाण्याने शून्यावर जुळवला म्हणजे ३५ वर बरोबर दाखवेलच असं नाही. त्याला ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवायला हवं. ते घरी करता येतं: ३६.५ ग्रॅम कोरडं साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय पाणी. साध्या मिठाच्या या द्रावणातून प्रकाश तेवढाच वाकतो जेवढा ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यातून वाकतो. म्हणून ३६.५ ग्रॅम मीठ घालूनही आकडा ३५ वरच जुळवायचा. वजनकाटा दशांश ग्रॅम दाखवणारा असू द्या. काचेवर थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच डोळा लावा. माझा रिफ्रॅक्टोमीटर दीड पीपीटी कमी दाखवत होता.

खारेपणा चढलेला आढळला तर एका दिवसात उतरवू नका, दिवसाला एक पीपीटी पुरे. माझ्या ३४ लिटरांत एक लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं घातलं की साधारण एवढाच फरक पडतो. तेसुद्धा मी अर्धा लिटर सकाळी आणि अर्धा संध्याकाळी, पंपाच्या तोंडाजवळ सावकाश ओततो.

रोजच्या रोज टॉपअप हा खरा इलाज. हाताने करायचा असेल तर रोज, ठरलेल्या वेळी. स्वयंचलित टॉपअप लावणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. गोड्या पाण्याचं भांडं लहान ठेवा. सेन्सर अडकून माझं तीन लिटरचं भांडं पूर्ण रिकामं झालं तरी खारेपणा ३२.२ वर थांबेल, पण दहा लिटरचं असतं तर तो २७ पर्यंत कोसळला असता. नळीचं तोंड पाण्याच्या वर राहू द्या, नाहीतर पंप बंद झाल्यावर सायफन सुरूच राहतो. आणि सेन्सरवर गोगलगाय चढून बसत नाही ना, हे रोज बघा. ती हमखास चढते.

अल्कलिनिटीचे धक्के

खारेपणा ताळ्यावर आल्यावर चार दिवसांनी येणारं अर्धवट आखडणं थांबलं. सोमवारचं मिटणं कमी झालं, पण गेलं नाही. वहीत अल्कलिनिटीची ओळ पाहिली तेव्हा उलगडा झाला. पाणी बदलायच्या आधी ७.२ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक), बदलल्यावर ८.७.

हॅमर, टॉर्च, शिवाय दगडांवरची जांभळी कोरलाइन शेवाळं सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि कार्बोनेट खातात. माझ्या टाकीत दिवसाला जेमतेम ०.१ डीकेएच खर्च होत होता. पंधरा दिवसांत तो दीडवर जाई. मी वापरत होतो ते मीठ मुद्दाम जास्त अल्कलिनिटीचं होतं. ताज्या मिश्रणात ती ११.५ भरली. त्यातलं १२ लिटर पाणी एकदम आत गेलं की १४ दिवसांत हळूहळू झालेली उतरण पंधरा मिनिटांत भरून निघायची. मला वाटायचं, जास्त पाणी बदललं म्हणजे जास्त चांगलं. कोरलला तो दर पंधरवड्याचा दणका होता.

समुद्रात अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. टाकीत ७ ते १० मधला कुठलाही आकडा चालतो. त्यातला कुठला, याची चिंता कमी करा. तो तिथेच राहतो का, हे बघा. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. माझा सल्ला असा की मीठ निवडताना आपल्या टाकीच्या नेहमीच्या आकड्याजवळचं निवडा, आणि ताज्या मिश्रणाची अल्कलिनिटी दर नवीन पिशवीला एकदा मोजा. पिशवी हलवून न घेता वरवरचं मीठ वापरलं तरी आकडा बदलतो, कारण प्रवासात जड आणि हलके कण वेगळे होतात.

आता मी दर आठवड्याला चार लिटर बदलतो. मधली तूट खायच्या सोड्याने भरतो. ३४ लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण एक ग्रॅम सोडा लागतो, त्यामुळे माझ्या टाकीला दोन-तीन दिवसांतून पाव ग्रॅम पुष्कळ होतो. कपभर आरओ-डीआय पाण्यात पूर्ण विरघळवून, प्रवाहात, थेंबाथेंबाने घालायचा. बेकिंग पावडर वेगळी, ती अजिबात वापरू नका.

कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान असलं की झालं. एवढ्या कमी कोरलांच्या टाकीत हे दोन आकडे इतके हळू हलतात की दर आठवड्याच्या मिटण्याचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही.

क्लाउनफिशचा हात

पाण्याचे दोन्ही प्रश्न सुटल्यावर हॅमर सलग पाच आठवडे नीट फुललं. डावीकडच्या झोआ मात्र पहिल्यासारख्याच दर पंधरवड्याला मिटत राहिल्या. तेव्हा मी शेवटी खुर्ची टाकून टाकीसमोर बसलो.

जोडीतली मादी ठळकपणे मोठी असते. क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. त्या दिवशी दुपारपासून मादी आणि नर डाव्या दगडाचा एक तळहाताएवढा तुकडा तोंडाने खरवडत होते. शेवाळाचा कण चावायचा, दोन वीत लांब जाऊन थुंकायचा, परत यायचं. त्या तुकड्याच्या कडेला झोआंची वसाहत होती. मादी पोटाने दगड घासत पुढे सरकायची, आणि झोआ आड आल्या की त्यांच्या कडांना चावा घ्यायची. एकेक पॉलिप टपकन मिटत गेला. संध्याकाळी त्या साफ केलेल्या जागेवर नारिंगी अंड्यांचा गालिचा होता.

जमलेली जोडी दहा-पंधरा दिवसांनी पुन्हापुन्हा अंडी घालते, बहुतेकदा त्याच जागी. अंडी आठवडाभर राहतात आणि अंधार पडल्यावर फुटतात. तेवढे दिवस नर शेपटीने आणि कल्ल्यांजवळच्या परांनी त्यांना वारा घालतो, आणि खालची वाळू उडून शेजारच्या कोरलवर बसते. झोआंची लय रविवारशी का जुळत नव्हती ते असं कळलं. दोन वेगळ्या कारणांच्या लयी जवळजवळ सारख्या अंतराच्या होत्या, आणि मी त्या एकच धरल्या होत्या.

यावर माशांना काही करायचं नसतं. मी झोआंची वसाहत हलवली. हलवताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालाच. झोआ आणि त्यांचे भाईबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असू शकतं. जखम असलेला हात, डोळ्यात उडालेला थेंब, किंवा दगड उकळताना निघालेली वाफ, या तिन्ही वाटांनी माणसं दवाखान्यात पोहोचली आहेत. असा दगड कधीही उकळू नका, आणि कापाकापी पाण्याबाहेर ब्रशने घासत करू नका.

दुसरा प्रकार जास्त आढळतो: अॅनिमोन (क्लाउनफिश ज्यात राहतात तो डसऱ्या शुंडांचा समुद्री जीव) नसलं की क्लाउनफिश हॅमर, टॉर्च, गोनिओपोरा किंवा लेदरलाच घर मानतात. दिवसभर त्यात अंग घुसळतात. हे कसं ओळखायचं? कोरल एकाच बाजूने आखडलेलं असतं, आणि रात्री दिवा मालवायच्या वेळी मादी नेमकी त्याच बाजूला शिरते. चार-पाच तोंडांचं तब्येतीचं हॅमर हे सहन करतं, आठवड्या-दोन आठवड्यांत सवयीने फुलतंही. नुकतं आणलेलं एक-दोन तोंडांचं कोरल मात्र खंगू शकतं. मांस मागे सरून पांढऱ्या सांगाड्याची धार उघडी दिसू लागली की वाट पाहू नका. छिद्रांचा प्लास्टिकचा डबा किंवा जाळीचा पिंजरा उपडा घालून त्या कोरलला काही आठवडे आसरा द्या आणि माशांना दुसरीकडे मोठं लेदर ठेवून बघा.

माशांसाठी अॅनिमोनच आणून देऊ, असं मनात येतं. ४० लिटरच्या टाकीत मी तो सल्ला देणार नाही. अॅनिमोन चालतं, वाटेतल्या प्रत्येक कोरलला डसतं, आणि पंपात सापडलं तर एका रात्रीत सगळं पाणी नासवतं. टाकीत वाढलेल्या क्लाउनफिशला अॅनिमोनशिवाय काहीही कमी पडत नाही.

रात्री बॅटरी घेऊन बसा

दिवा मालवल्यावर दोन तासांनी लाल कागद लावलेल्या बॅटरीने टाकी बघा. दिवसा न दिसणारे गुन्हेगार तेव्हा दिसतात. टॉर्च आणि हॅमरला रात्री लांब, पातळ, टोकाला पांढरट अशा डसऱ्या दोऱ्या फुटतात. त्या १५ सेंटिमीटरपर्यंतही जातात. दिवसा दोन कोरलांमध्ये वीतभर नाही तरी अर्ध्या वितीचं अंतर दिसतं आणि आपण निर्धास्त असतो, पण प्रवाहाच्या दिशेने ही दोरी सहज पोहोचते. टॉर्च हॅमरपेक्षा जहाल असतं, म्हणून या दोघांना शेजार देऊ नका.

खाणं घातलं की तासाभराने कोरल मिटतं, अशी लय असेल तर दगडावर वर्मेटिड गोगलगायी शोधा. बारीक कडक नळीसारखं त्यांचं घर दगडाला चिकटलेलं असतं. खाण्याचा वास आला की त्या कोळ्यासारखं चिकट जाळं पाण्यात सोडतात, आणि ते शेजारच्या पॉलिपवर बसून त्याला बेजार करतं. नळी चिमट्याने मोडायची आणि तोंडावर थेंबभर सुपरग्लू जेल लावायचं. पातळ सुपरग्लू नको. खाणंही थोडं कमी करा. झोआंवरून रोज चालत जाणारे हर्मिट खेकडे असाच उपद्रव देतात, पण ते मुद्दाम करत नाहीत, वाट बदलून दिली की भागतं. हॅमरच्या बुंध्यावर चपटे पारदर्शक जंत किंवा झोआंच्या रंगाचेच छोटे न्युडिब्रँक (बिनशिंपल्याच्या समुद्री गोगलगायी) दिसले तर मात्र कोरल बाहेर काढून डिप करावं (औषधी द्रावणात बुडवावं) लागतं. त्यांची अंडी डिपने मरत नाहीत, म्हणून आठवडाभराच्या अंतराने ते पुन्हा करायचं, आणि दिसतील ती अंडी खरवडून काढायची.

पाणी फार निर्मळ झालं तर

नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य हे यश समजलं जातं. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना थोडं नत्र आणि स्फुरद लागतं. दोन्ही शून्यावर गेली की कोरल फिकट पडतं, नीट फुलत नाही, आणि रिकाम्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव) बस्तान बसवतात. त्यांची खूण म्हणजे वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, आणि सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असं रूप. पाणी जास्त बदलून ते जात नाहीत, उलट बळावतात. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राहील इतपत माशांना पोटभर घाला, फिल्टरमधले फॉस्फेट शोषणारे दाणे काढून टाका. नायट्रेटच्या किटमधली पूड असलेली बाटली मिनिटभर जोरात हलवली नाही तर ती खोटं शून्य दाखवते, हेही आधी तपासा.

उरलेले संशयित, थोडक्यात

तापमान २४ ते २७ अंशांत असावं, आणि दिवस-रात्रीचा फरक एका अंशाच्या आत. हीटरवरचा आकडा खरा मानू नका, वेगळा थर्मामीटर ठेवा. उष्म्यात पंख्याने दोन-तीन अंश उतरतात खरे, पण पाणी उडण्याचं प्रमाण दुप्पट होऊ शकतं. पंखा लावलात की टॉपअपचा हिशेब नव्याने मांडा.

पीएच पहाटे सगळ्यात खाली असतो. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढून तो ७.८ पर्यंत जातो. खिडकी उघडा, पृष्ठभाग हलता ठेवा. पीएच वाढवायची बाटली घेऊ नका, ती अल्कलिनिटी एकदम वर नेते.

अॅक्टिव्हेटेड कार्बन (पाणी स्वच्छ करायचा कोळसा) घातल्यावर दुसऱ्या दिवशी कोरल मिटत असेल तर दिवा बघा. पाण्यातला पिवळेपणा गेल्याने प्रकाश अचानक वाढतो. कार्बन निम्मा घाला, थोडा थोडा आणि वरचेवर.

विषबाधा लयीत बसत नाही. ती केव्हाही येते आणि सगळी कोरल एकदम मिटतात. डासांचा फवारा, खोलीचा सुगंध, हाताला लावलेलं मलम, आणि गंज. काच घासायचा लोहचुंबक हातात घेऊन त्याच्या शिवणीवर नख फिरवा. माझ्या मित्राच्या टाकीत तीन महिने छळणारं कारण त्या शिवणीतून डोकावणारा तांबूस ठिपका होता. अशा वेळी थोडा ताजा कार्बन आणि दोन दिवसांच्या अंतराने दोनदा थोडं थोडं पाणी बदलणं, हे चालतं. मासे आजारी पडले तर तांब्याचं औषध या टाकीत कधीही घालू नका. माशांना वेगळ्या भांड्यात न्या. तांबं दगड-वाळूत मुरतं आणि पुढे कोरल आणि गोगलगायी टिकत नाहीत.

कारण सापडल्यावर एकच बदल करा आणि किमान दोन आठवडे, म्हणजे जुन्या लयीची एक पूर्ण फेरी, जाऊ द्या. माझ्याकडे आधी टॉपअप, मग पाणी बदलायची पद्धत, मग झोआंची जागा असा क्रम होता. तिन्ही एकदम केलं असतं तर अंड्यांचा संबंध मला कधीच कळला नसता.

थांबायचं नाही अशी एकच वेळ: हॅमर किंवा टॉर्चच्या एखाद्या तोंडावर तपकिरी, ओघळणारी, कुजका वास येणारी जेली दिसली तर. ती तासांत पसरते. सगळे पंप बंद करा म्हणजे ती दुसऱ्यांवर उडणार नाही. बारीक नळीने जेली ओढून बाहेरच्या बादलीत घ्या, बाधित तोंड सांगाड्यासकट कापून काढा, उरलेलं कोरल डिप करून जमल्यास वेगळ्या भांड्यात ठेवा, आणि बादलीतलं पाणी टाकीत परत जाऊ देऊ नका.